पोचले, असा मेसेज न करणारी बाई

माझी भाची नागपूरच्या मिहान या औद्योगिक परिसरातल्या एका कंपनीत काम करते. अमेरिकेचा दिवस ती तिची रात्र, म्हणून घरी यायला रात्रीचे दोन-अडीच होतात. कंपनीची गाडी दारापर्यंत सोडते. तशी सोय करावीच लागते. 2017 च्या कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांमध्ये रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षा हवी आणि घरी पोचवायची व्यवस्थाही हवी. गाडीत गार्ड असतो. फोनवर लाइव्ह लोकेशन चालू असतं. ते मला दिसतं, गोंदियात तिच्या आईला दिसतं आणि का कोण जाणे, तिच्या मामालाही दिसतं. गाडीत बसली की 'निघाले', छत्रपती चौक मागे पडला की 'आलेच', आणि मी दार उघडून समोर उभी असले तरी आईला 'पोचले'.

या मेसेजांच्या मधल्या वेळात ती फोनवर कादंबऱ्या वाचते. रात्रीच्या शहरात एकट्या हिंडणाऱ्या बायकांच्या कादंबऱ्या. तिनंच मला त्यांची चटक लावली. अर्बन फँटसी म्हणतात त्यांना. व्हॅम्पायर असतात, पौर्णिमेला लांडगा होणारी माणसं असतात, चेटकिणी असतात, जुने विसरलेले देव भाड्याच्या खोलीत राहत असतात. ते सगळं मी निमूट मान्य करते. लहानपणी आजीच्या गोष्टीतला मुंजा मान्य केलाच होता की! खरी अद्भुत गोष्ट मला वेगळीच वाटते. या नायिका रात्री दीड वाजता जॅकेट चढवतात, गाडीची किल्ली उचलतात, घराबाहेर पडतात आणि कोणालाही काहीही कळवत नाहीत. पहाटे परततात तेव्हा कपड्यांवर रक्त असतं, एखादी बरगडी मोडलेली असते, पण 'इतका वेळ कुठे होतीस' असं विचारायला दारात कोणी उभं नसतं. त्या हातपाय धुतात, फ्रिज उघडतात आणि उभ्या उभ्या कालचं उरलेलं काहीतरी खातात.

हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. राक्षसाच्या मारामारीत येत नाही, या फ्रिजपाशी येतो.

हा प्रकार तसा फार जुना नाही. 1980 च्या दशकात अमेरिकेत त्यानं बाळसं धरलं. 1987 साली आलेल्या एमा बुलच्या कादंबरीत मिनियापोलिसमधली एक रॉक गायिका परीलोकाच्या लढाईत ओढली जाते. तिथले रस्ते आणि बागा खऱ्या शहरातल्या आहेत. त्याआधी जादू म्हटलं की राजवाडा, जंगल, घोडे असाच सरंजाम असायचा. या मंडळींनी ती उचलून बसस्टॉपवर आणून ठेवली. पुढे 2000 नंतर अशा मालिकांचा सुकाळ झाला आणि त्यांतल्या बऱ्याच मालिकांच्या मध्यभागी एक नोकरी-धंदा करणारी बाई आली. माझी त्यांतली लाडकी म्हणजे पॅट्रिशिया ब्रिग्जची मर्सी. 2006 पासून ती वॉशिंग्टन राज्यातल्या एका आडगावी शहरात फोक्सवॅगन गाड्या दुरुस्त करते. मनात आलं तर कायोटीचं, म्हणजे आपल्या कोल्ह्याच्या भाऊबंदातल्या प्राण्याचं, रूप घेऊ शकते. पण नखांतलं ग्रीस काही केल्या निघत नाही, उधारी वसूल होत नाही आणि गॅरेजचं बिल तर भरायचंच असतं. बाईला आधी धंदा दिला, मग जादू दिली, हे मला फार पटलं.

आता तक्रारीचंही सांगून टाकते. या पुस्तकांतले पुरुष. सहा फूट उंच, टोळीचा म्होरक्या, डोळे सोनेरी, आणि तिच्याकडे दुसऱ्या कोणी नुसतं पाहिलं तरी गुरगुरणारा. भाची म्हणते, मावशी, तो लांडगा आहे, तो गुरगुरणारच. असेल बाई. पण ज्या गुरगुरण्यापायी आपल्या पोरी कॉलेज बदलतात, नंबर बदलतात, तेच गुरगुरणं केसाळ कातडी पांघरून आलं की प्रेम कसं होतं, हे मला उमगत नाही. दुसरी तक्रार मैत्रिणींची. अर्ध्याअधिक मालिकांत नायिकेला धड एक मैत्रीण नसते. शहरभर हिंडते, सगळ्या भुताखेतांना नावानं ओळखते, आणि मनातलं बोलायला बाई नाही! अशी बाई मी नागपुरात तरी पाहिलेली नाही.

वाचायचा हा नाद घरात आला तो आत्यामुळे. आत्यानं लग्न केलं नाही. सरकारी कचेरीत पेन्शनच्या टेबलावर आख्खी नोकरी काढली, आणि दर शनिवारी नागपूरच्या महाल भागातल्या एका खासगी वाचनालयात जाऊन दोन पुस्तकं आणायची, हा नेम तिनं कधी चुकवला नाही. ते वाचनालय आता नाही. तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. पण तिथली पुस्तकं मला अजून हाताला जाणवतात. प्रत्येकाला खाकी कागदाचं कव्हर, पाठीवर शाईनं घातलेला नंबर, शेवटच्या पानाला चिकटवलेली तारखांची चिठ्ठी. कव्हराखाली सगळी पुस्तकं सारखीच दिसत आणि कादंबऱ्यांची नावंही एकमेकींच्या जावा शोभतील अशी. आपण हे वाचलंय की नाही, हे कळायचं कसं? म्हणून प्रत्येक बाईची खूण ठरलेली असे. आत्याची खूण तेविसाव्या पानावर, आकड्याच्या खाली पेन्सिलीचं बारीक टिंब. कोणाची तिथेच फुली, कोणाचा 'सु', कोणाची नुसती उभी रेघ. एखादं जुनं पुस्तक घेऊन ते पान उघडलं की अर्ध्या गल्लीची हजेरी सापडायची. शेवटच्या पानावर तर 'शे. चां.' असा शेराच असे. शेवट चांगला. एका पुस्तकात कोणीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'वाचू नये, रडू येते.' त्याच्या खाली दुसरं अक्षर होतं, 'म्हणूनच वाचावी.'

ग्रंथपाल काका या खुणांवर चिडत. पण पुस्तक पुढे सरकवताना तेही हळूच शेवटचं पान बघून घेत.

प्रेमकथा आणि भाड्याचं वाचनालय यांचं नातं काही महालापुरतं नव्हतं. मिल्स अँड बून ही लंडनची कंपनी 1908 साली निघाली तेव्हा सगळ्याच प्रकारची पुस्तकं छापायची. 1930 च्या दशकात दोन-दोन पेनी घेऊन पुस्तक घरी नेऊ देणारी वाचनालयं इंग्लंडात गल्लोगल्ली झाली, त्यांच्या बायका-सभासदांना प्रेमकथा हव्या होत्या आणि कंपनीनं तोच माल धरला. तपकिरी बांधणीमुळे ती पुस्तकं मांडणीवर लांबून ओळखू येत. म्हणजे खाकी काय अन् तपकिरी काय! पुढे 1971 मध्ये कॅनडाच्या हार्लेक्विननं ती कंपनी घेतली, आणि आमच्या कॉलेजच्या दिवसांत बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जुन्या पुस्तकांच्या ढिगात ती पातळ पुस्तकं किलोच्या भावानं पडलेली असत. मैत्रिणी ती केमिस्ट्रीच्या जर्नलात घालून वाचायच्या. आमच्या घरी लपवायची गरज नव्हती. आत्या म्हणायची, "वाचून झालं की मलाही दे. इंग्रजी सुधारते."

नागपूरचा मे महिना ज्यानं काढला नाही त्याला या वाचनाची बैठक कळायची नाही. सकाळी दहालाच रस्ते सुनसान होतात. खिडकीत कूलर, त्याला होळीनंतर बदललेल्या नव्या ताट्या, पाणी सोडलं की पहिल्या पाच मिनिटांत वाळ्याचा तो वास. बाहेर पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि आतल्या खोलीत जमिनीवर सतरंजी टाकून घरातल्या सगळ्या बाया आडव्या. पुस्तक कूलरच्या झोतात धरलं तर पानं फडफडतात आणि झोताबाहेर सरकलं तर घामानं बोटं चिकटतात, म्हणून प्रत्येकीचा एक कोन ठरलेला. त्या दमट हवेनं पानं फुगायची, कडा नागमोडी व्हायच्या. वाचनालयाला परत केलेलं पुस्तक कुठल्या महिन्यात वाचलं गेलं, हे त्याच्या जाडीवरून सांगता आलं असतं. चारपर्यंत कोणी चहाचं नाव काढायचं नाही. बाबा, काका, कोणीही त्या खोलीत डोकावून 'पाणी दे गं' म्हटलं तर आत्या पुस्तकावरून डोळे न उचलता म्हणायची, "माठ तिथेच आहे."

जॅनिस रॅडवे नावाच्या अमेरिकन प्राध्यापिकेनं हेच 1984 साली पुस्तक लिहून सांगितलं. प्रेमकथा वाचणाऱ्या एका लहान शहरातल्या बायकांना तिनं विचारलं, काय मिळतं यातून? त्यांनी कथानकाबद्दल सांगितलंच, पण पुस्तक हातात धरायच्या कृतीबद्दलही सांगितलं. तेवढा वेळ त्या कोणाची आई नसतात, बायको नसतात. पुस्तक समोर धरलेलं असलं की घरच्यांना कळतं, आत्ता हिला हाक मारायची नाही. रॅडवे यावर पुढे बरंच गंभीर बोलते. असं वाचून बायकांचं घरातलं ओझं हलकं होतं का, की ते वाहायची ताकद तेवढी मिळते, असा तिचा प्रश्न आहे. प्रश्न खराच आहे. पण 'माठ तिथेच आहे' हे वाक्य मी त्या घरात एरवी कोणत्याही बाईच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

आणि शेवट. रोमान्सवर नाक मुरडणारे सगळ्यात जास्त हसतात ते शेवटावर. दोघं भेटणारच, लग्न करणारच, मग वाचायचं कशाला? अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेनं तर दोनच अटी घातल्या आहेत. गोष्टीच्या मध्यभागी प्रेम हवं, आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. बाकी तुम्ही खून करा, मंगळावर जा, सोळावं शतक घ्या, काही म्हणणं नाही. मला ही अट फार सभ्य वाटते. सवाई गंधर्वला जाणाऱ्याला कोणी विचारत नाही की भैरवी होणार हे माहीत असून कशाला बसता शेवटपर्यंत. शेवट ठाऊक असला की माणूस मधल्या वाटेकडे लक्ष देतो. ती काय बोलली, तो कधी गप्प बसला, माफी कोणी मागितली आणि नेमकी कशाबद्दल. रोमान्स वाचणाऱ्या बाया माफीच्या बाबतीत फार काटेकोर असतात. 'सॉरी, तुला वाईट वाटलं असेल तर' असली माफी तिथे पानभरही टिकत नाही.

आत्या आजही पुस्तक हातात घ्यायच्या आधी विचारते, "शेवट बरा आहे नं? मग दे." तिला मोतीबिंदूनंतर टॅबवर अक्षरं मोठी करून दिली आहेत. भुतांचं तिला वावडं नाही. एकदा भाचीनं तिला इलोना अँड्र्यूजच्या मालिकेचं कथानक सांगितलं. ते नाव एका नवरा-बायकोच्या जोडीचं आहे, दोघं मिळून लिहितात. त्यांच्या अटलांटा शहरात जादूच्या लाटा येतात. लाट आली की वीज जाते, गाड्या बंद पडतात, बंदुकीतून गोळी सुटत नाही आणि मंत्र चालायला लागतात. लाट ओसरली की दिवे परत. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे लोडशेडिंगच नं? त्यात काय जादू! आम्ही किती वर्षं काढली." 2005 च्या पुढची ती वर्षं आठवतात? उन्हाळ्यात भरदुपारी कूलर बंद, खेड्यात तर विचारूच नका. अटलांटात निदान मंत्र तरी चालत होते.

तेव्हापासून आमच्या घरी हा खेळच झाला. हे नागपुरात कसं होईल? आणि जितका खेळ वाढला तितकं वाटत गेलं की या शहरात अशा कादंबऱ्यांचं निम्मं सामान आधीच रस्त्यावर पडलेलं आहे.

मारबतच घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारी-महालात दोन बाया निघतात. एक काळी, एक पिवळी. बांबू-कागदाच्या, दुमजली घराएवढ्या, रंगवलेल्या. काळी 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून, असं सांगतात. बरोबर बडगे असतात, त्या-त्या वर्षी लोकांच्या डोक्यात गेलेल्या गोष्टींचे पुतळे; महागाईचा बडगा असतो, खड्ड्यांचा असतो, पुढाऱ्यांचा तर असतोच. लाखभर माणूस ओरडत असतं, 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत!' दोघींची गाठ पडते, आणि मग त्यांना शहराबाहेर नेऊन जाळतात. मी लहानपणापासून हे पाहत आले. पण ब्रिग्ज-बिग्ज वाचल्यावर पहिल्यांदा मनात आलं, की अहो, या दोघी एकमेकींना भेटतात तेव्हा काय बोलत असतील? दरवर्षी सगळ्या गावाची घाण पाठीवर घ्यायची, खोकला, रोगराई, पुढारी, सगळं, आणि जळून जायचं. पुढच्या वर्षी परत यायचं. बाईच्या जन्माची याहून चोख अर्बन फँटसी न्यूयॉर्कला तरी सुचली का?

नाग नदीचंही तसंच. बेन ॲरोनोविचच्या 2011 साली सुरू झालेल्या लंडनमधल्या मालिकेत एक तरुण हवालदार आहे, त्याला जादूच्या तक्रारी सोडवायच्या असतात. त्यात टेम्स नदीची देवी नायजेरियाहून आलेली एक बाई आहे आणि टेम्सला मिळणाऱ्या छोट्या नद्या तिच्या मुली. त्यातल्या काही नद्या खरोखरीच्या लंडनमध्ये केव्हाच बुजवून गटारात कोंडल्या आहेत, पण मुली मात्र तालेवार, मानी. मी ते वाचलं आणि पुस्तक बाजूला ठेवून विचारच करत बसले. आपल्याकडे साती आसरा आहेत! नदीच्या, विहिरीच्या काठी राहणाऱ्या सात बहिणी, ज्यांना खणानारळानं ओटी भरून शांत ठेवायचं. त्या काही नागपुरातून उठून गेल्या नसतील. ज्या नदीवरून शहराला नाव मिळालं, तिला आम्ही नाला म्हणतो. पुलावरून जाताना नाकाला पदर लावतो. तिची आसरा कुठे राहत असेल? कोणाच्या सांडपाण्याच्या पायपापाशी?

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे तिनं पत्ता सांगितला. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी काठ सोडून घरांत शिरली. मोरभवनच्या स्टँडवर बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. माणसं गेली, जनावरं गेली. माझ्या एका मैत्रिणीचं घर तळमजल्यावर. पहाटे झोपेतून उठून पाय खाली टाकला तो पाण्यात. तिच्या पुस्तकांच्या कपाटाचे खालचे दोन कप्पे गेले. वरच्या कप्प्यांत तिच्या नवऱ्याची स्पर्धा परीक्षेची पुस्तकं होती, ती राहिली. तिच्या कादंबऱ्या खाली ठेवलेल्या होत्या, कारण त्या 'तशाच' होत्या. चिखल काढताना ती दुसऱ्या कशाला रडली नाही, यावर मात्र अजून बोलते. या पुराची कारणं बांधकामांत, भिंतींत आणि अडवलेल्या पात्रात आहेत, ती इंजिनिअर लोकांनी सांगावीत आणि जबाबदारांनी ऐकावीत. देवीच्या माथ्यावर कोणाचा हलगर्जीपणा टाकायचा नाही. पण कादंबरीकाराला त्या रात्रीत एक रागावलेली बाई दिसली असती, एवढं नक्की.

तर बायकांच्या कादंबऱ्या खालच्या कप्प्यात. ही जुनी चाल आहे. नोकरी, जाऊबाई, मूल न होणं, नवऱ्यानं टाकणं, पन्नाशीत पुन्हा शिकणं, म्हातारपणी आईशी पटवून घेणं, यांवर बाईनं बाईसाठी लिहिलं की त्याला वेगळी टोपली. इंग्रजीत तर प्रकाशकांनी टोपलीवर चिठ्ठीच लावली, विमेन्स फिक्शन. पुरुषानं पन्नाशीतल्या पुरुषाच्या एकटेपणावर लिहिलं की ती नुसती कादंबरी. मराठीत 1933 साली विभावरी शिरूरकरांचा कथासंग्रह आला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न जमलेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते त्यात होतं. इतका गदारोळ झाला की हे लिहिणारी विभावरी आहे तरी कोण, याचाच शोध सुरू झाला. टोपणनावामागे बाळूताई खरे होत्या, पुढच्या मालतीबाई बेडेकर. बाईनं स्वतःच्या खोलीतलं खरं सांगितलं तर गावाला आधी तिचा पत्ता हवा असतो.

या शहरानं त्या बाबतीत लाज राखली म्हणायची. नागपुरात इंग्रजी शिकवणाऱ्या कुसुमावती देशपांड्यांनी मराठी कादंबरीच्या पहिल्या शंभर वर्षांचा धांडोळा घेतला, म्हणजे कोणती कादंबरी कुठल्या कप्प्यात, हे ठरवणाऱ्यांत एक नागपूरची बाई होती. 1961 मध्ये ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. संमेलन 1878 पासून भरत असून बाईचा नंबर तेव्हा पहिल्यांदा लागला. त्यांचे यजमान कवी अनिल तीन वर्षं आधी, मालवणला, अध्यक्ष होऊन गेले होते. दोघांची लग्नाआधीची पत्रं पुढे पुस्तकरूपानं आली. इतकी देखणी प्रेमकथा समीक्षक बाईच्या नावावर आहे, आणि शेवटही चांगला. आत्याच्या प्रतीवर टिंब आहे.

आणि आशा बगे. त्यांना 2006 साली साहित्य अकादमी मिळालं तेव्हा आत्यानं कचेरीत पेढे वाटले होते. ओळख काही नाही, पण 'आपल्या नागपूरच्या'. त्यांच्या बाया भांडी आपटत नाहीत, डायलॉग मारत नाहीत. गाण्यात, घरात, जुन्या वाड्याच्या चौकात त्यांचं काहीतरी आतल्या आत सरकत जातं आणि शेवटी कळतं की बाई फार लांब निघून आली आहे. इंग्रजीतल्या त्या टोपलीतल्या बऱ्याच पुस्तकांना हे साधत नाही. तिथे ठरलेलं आहे. नवरा सोडून गेला की बाई समुद्रकाठच्या गावात जाते, आजीचं पडकं घर मिळतं, ती बेकरी उघडते, शेजारी एक दाढीवाला सुतार असतोच. मी ती पुस्तकंही आवडीनं वाचते, आजारपणात तर फारच. पण नवरा गेल्यावर बाईला आधी बेकरी कशी दिसते, हा प्रश्न आत्यालाच पडावा. पेन्शनच्या टेबलासमोर आयुष्यभर तिनं विधवा बाया पाहिल्या. फॅमिली पेन्शनच्या अर्जावर कुठे सही करायची हे विचारणाऱ्या. ज्यांना नवऱ्याचा पगार किती होता हे त्या टेबलावर पहिल्यांदा कळलं अशा. एकीनं पहिली रक्कम हातात आल्यावर विचारलं होतं, "हे कोणाला द्यायचे?" आत्या म्हणाली, "कोणालाच नाही, बाई. तुमचेच आहेत." ती बाई तिथेच बाकावर बसून राहिली, कचेरी बंद व्हायची वेळ झाली तरी. यावर कादंबरी कोणी लिहिलेली असेल तर मला वाचायची आहे. सुतार नसला तरी चालेल.

गेल्या दिवाळीत आम्ही तिघींनी ठरवलं की नागपूरची नायिका आता करायचीच. भाचीचं म्हणणं, ती धरमपेठेत राहील आणि झिरो माइलचे चार घोडे अमावस्येला तिच्या आज्ञेत असतील. आत्या म्हणाली, "धरमपेठेतलं भाडं तिच्या बापानं भरावं का? नंदनवनला ठेव." मग रात्री ती हिंडणार कशानं, यावर वाद झाला, मेट्रो रात्री दहाच्या सुमाराला बंद होते आणि घोड्यांवरून गेली तर लोक बघतील. शेवटी जुनी ॲक्टिव्हा दिली. नोकरीवर मात्र आत्यानं कोणाचं ऐकून घेतलं नाही. नायिका पेन्शनच्या टेबलावरच बसेल. "तिथेच खरी भुतं येतात. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला रांग लागते नं, जिवंत आहो म्हणून सांगायला. त्या रांगेत एक असा आहे की त्याची फाइल उघडली तर जन्मतारीख 1881. दरवर्षी येतो, सही करतो, अंगठा नीट उमटत नाही, पण कागद सगळे बरोबर. काय करणार ती?"

भाची उठूनच बसली. "आत्याआजी, हाच! हाच हीरो. दीडशेच्या घरातला, एकटा, जुन्या वळणाचा, आणि तिचं त्याच्यावर हळूहळू..."

"काहीतरीच काय!" आत्यानं चष्मा पुसायला घेतला. "अशाशी लग्न करून पोरीचं नुकसान. तो मरणार नाही, आणि हिची फॅमिली पेन्शन कधी सुरूच नाही व्हायची."